पिवळ्या घराचा अर्ज

अमेरिकेतील हर्नडन गावी गजभिये कुटुंबाच्या घरात जो कागद एकदा शिरला, तो प्लास्टिकच्या दोन पारदर्शक पदरांत बंदिस्त झाल्यावाचून राहत नसे. टेलिफोन क्रमांकांची यादी, बसचे वेळापत्रक, बुद्धवंदनेचा कागद, फार काय, कपडे धुण्याच्या यंत्राची सूचनापत्रिकादेखील त्या घरात चकचकीत आणि अविनाशी होऊन भिंतीवर विराजमान झाली होती. कुटुंबप्रमुख मनोहर गजभिये यांनी लॅमिनेशनचे एक लहानसे यंत्र विकत आणले होते, आणि रविवारी सकाळी ते यंत्र तापवून आठवडाभराचे कागद त्यातून काढताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान झळके, ते पाहून त्यांची पत्नी सुनेत्रा म्हणत असे, "एक दिवस पोळ्यासुद्धा लॅमिनेट करतील हे."

परंतु या हौसेच्या मुळाशी एक जखम होती. मनोहररावांची मॅट्रिकची गुणपत्रिका नागपुरास, इंदोऱ्यातील त्यांच्या घरी, खाटेखालच्या पेटीत वाळवीने खाल्ली होती. नवी प्रत मिळावयास सात महिने लागले आणि तेवढ्यात इंजिनिअरिंगचा प्रवेश हातचा गेला. त्या दिवसापासून या गृहस्थाने मनाशी गाठ बांधली होती, की मूळ कागद कधी कोणाच्या हाती द्यावयाचा नाही आणि कधी उघडा ठेवावयाचा नाही. पुढे ते बी.एस्सी. झाले, संगणक शिकले, १९९३ साली वर्क व्हिसावर सहकुटुंब अमेरिकेत आले. आणि आता दोन हजार साल उजाडताच जुने प्रोग्राम कोलमडू नयेत म्हणून त्यांतील वर्षांचे आकडे दुरुस्त करण्याचे काम एका कंपनीत करीत होते. गाठ मात्र तशीच होती.

त्यांची एकुलती एक कन्या पद्मिनी. तिला घरी मिनू म्हणत. १९९६ च्या ऑगस्टात ती घरापासून पस्तीस मिनिटांच्या अंतरावरील सरकारी विद्यापीठात दाखल झाली. वसतिगृहात न राहता ती जुन्या गाडीने रोज ये-जा करी. सकाळी सर्वांत लांबच्या पार्किंगमध्ये गाडी लावावी, वर्ग करावेत, डबा गाडीतच बसून खावा, आणि चार वाजता पुन्हा घरची वाट धरावी, असा तिचा क्रम होता. तीन महिने लोटले तरी त्या विद्यापीठात तिचे नाव घेऊन हाक मारणारे एकही माणूस नव्हते.

नोव्हेंबरातील एका गारठलेल्या सायंकाळी तिची गाडी सुरू होईना. बॅटरी पार मेली होती. त्या वेळी हीदर नावाच्या एका उंच मुलीने आपली गाडी शेजारी आणून, केबल जोडून तिची गाडी जिवंत केली. आणि हिचे निळे पडलेले ओठ पाहून ती हिला चहासाठी आपल्या घरी घेऊन गेली. ते घर म्हणजे विद्यार्थिनींच्या एका सोरॉरिटीचे घर होते. सोरॉरिटी म्हणजे निवडून घेतलेल्या मुलींचे भगिनीमंडळ; एकदा सभासद झाले की आयुष्यभराचे नाते. त्या मंडळाचे नाव तीन ग्रीक अक्षरांचे होते, परंतु भिंतींच्या रंगावरून सर्व त्यास यलो हाऊसच म्हणत. आत एक लांबलचक लाकडी टेबल होते. त्याभोवती सात-आठ मुली पुस्तके पसरून बसल्या होत्या, आणि कोणी चकार शब्द काढीत नव्हते. कारण अभ्यासाच्या वेळी जी बोलेल तिने सर्वांची भांडी घासावी असा तेथील दंडक होता. भिंतीवर प्रत्येकीच्या नावाचा मग खुंटीला टांगलेला होता.

चहा पिऊन पद्मिनी बाहेर पडली ती मनाशी एक गोष्ट ठरवूनच. या टेबलाशी आपली एक खुर्ची असली पाहिजे.

घरी तिने हा विषय जेवताना काढला.

"म्हणजे कसली संघटना आहे ती?" मनोहररावांनी विचारले.

"सोरॉरिटी, बाबा. गर्ल्स असतात सगळ्या. एकत्र स्टडी करतात, व्हॉलंटिअरिंग करतात. पुढच्या सप्टेंबरमध्ये रश असतो. म्हणजे आपण अप्लाय करायचं, त्या भेटतात, मग सिलेक्ट करतात."

"कोण सिलेक्ट करतं?"

"त्याच. मेंबर्स."

मनोहररावांनी हातातील घास पुन्हा ताटात ठेवला. सुनेत्राबाईंनी ते पाहिले आणि वरणाचे भांडे उगीचच पुढे सरकवले.

"मिनू, आमच्या कॉलेजात एक मेस होती," ते म्हणाले. "पोरांनीच चालवलेली. जेवण चांगलं, टेबलं स्वच्छ. मेंबर व्हायचं तर अर्ज द्यायचा, आणि जे आधीचे मेंबर, ते ठरवणार. मी अर्ज दिला. सेक्रेटरी फार गोड बोलला. म्हणाला, गजभिये, कळवतो. दोन वर्षं तो मला कळवत होता. जिन्यात भेटला की कळवतो, लायब्ररीत भेटला की कळवतो. शेवटी मी डिग्री घेऊन बाहेर पडलो, त्याचं कळवणं काही संपलं नाही. दाराशी बसून माणसं निवडणारी मंडळं मला चांगली ठाऊक आहेत."

"पण बाबा, हे तसं नाहीये. हे अमेरिका आहे."

"दार म्हणजे दारच असतं. ते कुठल्या का देशात असेना."

पद्मिनी आपले ताट उचलून उठली. मग डिसेंबरात निकाल आला. रसायनशास्त्रात सी, गणितात सी, आणि एकूण सरासरी चारपैकी दोन पूर्णांक सहा. यलो हाऊसचा नियम होता की दोन पूर्णांक आठच्या खाली ज्या मुलीची सरासरी असेल तिचा अर्ज वाचलादेखील जाणार नाही.

ती निकालाचा कागद घेऊन स्वतःच वडिलांपुढे उभी राहिली.

"बाबा, मला एक सेमिस्टर द्या. एकही सी आला तर सोरॉरिटीचं नाव काढणार नाही. पण नाही आला, तर तुम्ही मला थांबवायचं नाही."

मनोहररावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा चढविला. "एकही सी नको," ते म्हणाले. "कबूल. पण मला ते दार पटलेलं नाही, हेही लक्षात ठेव."

त्या दिवसापासून पद्मिनीने कंबर कसली. तिने स्वतःच्या पराभवाचे कारण शोधावयास घेतले, आणि ते लवकरच तिच्या ध्यानी आले. ती पाठ करीत होती. नागपुरास शाळेत ज्या घोकंपट्टीने तिला वरचे क्रमांक मिळवून दिले होते आणि येथील हायस्कुलातही निभावून नेले होते, ती विद्यापीठात चालत नव्हती. येथील प्राध्यापक असा प्रश्न विचारीत, जो पुस्तकात कोठेच नसे. आणखी एक चूक तिच्या हातून झाली होती. प्रत्येक प्राध्यापकाच्या दारावर 'ऑफिस अवर्स' म्हणून काही वेळ लिहिलेली असे. तिची अशी समजूत होती की ज्यांनी काही आगळीक केली आहे, अशा विद्यार्थ्यांना त्या वेळी बोलावून घेतात. म्हणून ती त्या दारावरून जाताना पाऊल जपून टाकी.

"वेडी आहेस का तू?" हीदर लायब्ररीत भेटली तेव्हा पोट धरून हसली. "तो वेळ तुझ्यासाठीच असतो! बिचारे एकटे बसून सँडविच खातात."

दुसऱ्याच मंगळवारी पद्मिनी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दारात उभी राहिली. ते खरोखरच सँडविच खात होते. तिने आपली वही पुढे केली. पुढील चौदा मंगळवारांपैकी एकही मंगळवार तिने चुकविला नाही. चार वाजता घरी जाण्याऐवजी ती आठपर्यंत लायब्ररीत बसू लागली. मार्चमध्ये तिला ताप भरला, तेव्हा सुनेत्राबाईंनी पुस्तक हातातून काढून घेतले, तर ती पांघरुणाखाली सूत्रांचे कागद घेऊन पडली. ते कागदही, अर्थात, वडिलांनी लॅमिनेट करून दिलेले होते.

"सोरॉरिटी पटत नाही म्हणता, आणि सूत्रं प्लास्टिकमध्ये घालून देता!" सुनेत्राबाई म्हणाल्या.

"सूत्रांचा काय दोष त्यात?" मनोहरराव म्हणाले.

मे महिन्यात निकाल लागला. एकही सी नव्हता. रसायनशास्त्रात बी. दोन्ही सत्रांची मिळून सरासरी दोन पूर्णांक त्र्याऐंशी. पद्मिनीने तो आकडा वडिलांना दाखविला, तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, "शब्द पाळलास. आता मीही पाळतो."

आणि सप्टेंबर उजाडला. रशसाठी नाव नोंदविण्याची मुदत होती शुक्रवार, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. अर्ज विद्यार्थिनीने स्वतः आणून द्यावयाचा, आणि सोबत विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका जोडावयाची. ती पद्मिनीने वेळेवर मागविली होती, आणि कार्यालयाने ती तिच्या घरच्या पत्त्यावर टपालाने धाडली.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली, तो वडील दारातच उभे. मुखावर असे तेज, की जणू त्यांचाच निकाल लागला आहे.

"मिनू, डोळे मीट. आता उघड."

तिने डोळे उघडले. वडिलांच्या हातात तिची अधिकृत गुणपत्रिका होती. चारही कडांनी मोहोरबंद, आरशासारखी चमकणारी, आणि यंत्रातून नुकतीच निघाल्यामुळे अद्याप कोमट.

"हजार वर्षं काही होणार नाही हिला," मनोहरराव म्हणाले. "हे ओरिजिनल घरात राहील. त्यांना द्यायला मी दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात. वर 'ट्रू कॉपी' लिहून सहीपण केली आहे."

पद्मिनीने टेबलावर नजर फिरविली. "बाबा, एन्व्हलप कुठंय?"

"ते? ते फाडलं ना. कचऱ्यात असेल."

तिने स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट बाहेर काढले. त्याच्या झडपेवर, विद्यापीठाच्या शिक्क्याखाली, लाल अक्षरांत छापले होते की पाकीट उघडलेले आढळल्यास आतील कागद अमान्य समजला जाईल. तिने ते वडिलांपुढे धरले.

"उघडल्यास अमान्य?" मनोहररावांनी ती ओळ दोनदा वाचली. "असं कसं? कागद पोराचा, आणि घरच्यांनी बघायचा नाही? मला वाटलं, पोस्टमनने उघडू नये म्हणून लिहिलंय."

"बाबा, इथं सील हीच सही असते! तुमच्या ट्रू कॉपीला इथं कुणी विचारत नाही! उद्या पाचपर्यंत डेडलाइन आहे. पूर्ण वर्ष... आय वर्क्ड अ होल इयर फॉर दिस!"

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले. मनोहरराव ती चकचकीत गुणपत्रिका हातात धरून बैठकीत तसेच बसून राहिले. वाळवीने खाल्लेला कागद त्यांना आठवला, आणि आज आपणच वाळवी झालो, ही जाणीव त्यांच्या काळजास डसली.

सकाळी पद्मिनी निघाली, तो वडील टाय बांधून गाडीपाशी उभे होते. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी कामावर कधी दांडी मारली नव्हती.

"मी येतो. चूक माझी आहे, मी बोलतो त्यांच्याशी."

"बाबा, चूक तुमची असली तरी कागद माझा आहे. मी बोलणार."

"बरं. मी मागे उभा राहीन."

रजिस्ट्रारच्या कार्यालयात शुक्रवारची गर्दी होती. त्यांची पाळी येईतो साडेबारा वाजले. खिडकीमागे मिसेस डॉसन नावाच्या प्रौढ बाई होत्या. त्यांनी ती लॅमिनेट केलेली गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली.

"तीस वर्षं या खिडकीत आहे," त्या म्हणाल्या. "फाटलेली पाहिली, कुत्र्यानं चावलेली पाहिली. अशी पहिल्यांदाच पाहते."

"नवीन मिळेल का? आज?" पद्मिनीने विचारले.

"तीन कामाचे दिवस लागतात, हनी. नियम आहे."

"नियम कोण बदलू शकतं?"

मिसेस डॉसन यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "असिस्टंट रजिस्ट्रार. पण त्या मीटिंगमध्ये आहेत. तीनच्या आत बाहेर येणार नाहीत. थांबायचं तर थांब."

पद्मिनीने घड्याळ पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. दीड ते साडेचार तिची ऑरगॅनिक रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, आणि त्याच तासात सत्राची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा होती. गैरहजर राहील त्यास शून्य, हे प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून ठेवले होते. येथे थांबावे, तर ज्या गुणांसाठी वर्षभर हाडांची काडे केली त्यांवर पाणी पडावे. तिकडे जावे, तर पाच वाजता यलो हाऊसचे दार वर्षभरासाठी बंद व्हावे.

ती बाकावर बसली. मग उठून म्हणाली, "बाबा, मी लॅबला जाते."

"आणि हे?"

"हे गेलं तर पुढच्या वर्षी परत येईन. पण शून्य घेऊन मी त्या टेबलाशी बसणार नाही. मार्क्स सोडून मिळालेली खुर्ची मला नकोय."

मनोहररावांनी कन्येकडे पाहिले. ज्या दाराविषयी त्यांच्या मनात अढी होती, ते दार या क्षणी त्यांच्या दृष्टीआड झाले. दिसली ती फक्त हिची ताठ मान. त्यांनी कोटाच्या आतील खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"रात्री लिहिला मी," ते संकोचाने म्हणाले. "अर्ज आहे."

तो खराखुरा अर्ज होता. उजव्या कोपऱ्यात तारीख, डावीकडे 'प्रति, रजिस्ट्रारसाहेब', मध्ये अधोरेखित विषय, आणि खाली ठसठशीत इंग्रजीत सर्व हकीकत: आदरणीय महोदय, अर्जदाराच्या वडिलांनी अज्ञानवश सीलबंद पाकीट उघडले, यात अर्जदाराचा लेशमात्र दोष नाही, सबब नवीन प्रत देऊन उपकृत करावे. शेवटी 'आपली आज्ञाधारक' आणि सहीसाठी कोरी जागा.

"बाबा, इथं असं कुणी लिहीत नाही," पद्मिनी पुटपुटली. कानशिले तापली होती, तरी तिला हसू आले.

मिसेस डॉसन यांनी मात्र हात पुढे केला. "बघू." त्यांनी तो कागद वाचला, आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "ही लेखी विनंतीच आहे. असिस्टंट रजिस्ट्रारना लेखीच लागते. यात एक ओळ टाक, की कागद वडिलांच्या हाती दिला तरी चालेल, आणि सही कर. मग तू नसलीस तरी चालेल. हो म्हणायचं की नाही, ते त्या ठरवतील."

पद्मिनीने ओळ लिहिली, सही केली. "बाबा, दिला तर... तुम्ही तो..."

"नाही उघडणार," मनोहरराव गंभीरपणे म्हणाले. "जा तू. पळ."

प्रयोगशाळेत तीन तास ती परीक्षानळ्यांपुढे उभी होती. पहिला अर्धा तास तिचे चित्त खिडकीबाहेर भरकटत राहिले. मग एका द्रावणात पांढरा साका बसला, जो बसणे अपेक्षित नव्हते, आणि तिला मंगळवारच्या त्या खोलीतील प्राध्यापकांचे वाक्य आठवले: जे दिसते ते आधी लिही, मग विचार कर. तिने दिसले ते लिहिले. कारण उलगडले. त्यानंतर तिने घड्याळाकडे पाहिलेच नाही.

साडेचारला ती बाहेर आली. इमारतीच्या पायरीखाली मनोहरराव उभे होते. टाय सैल झाला होता, कपाळावर घाम होता, आणि दोन्ही तळहातांवर, जणू भरलेले ताट असावे तसे, त्यांनी एक पाकीट आडवे धरले होते. झडपेवरचा शिक्का अखंड होता.

"बॅगेत का नाही ठेवलंत?"

"वाकलं असतं तर?" ते म्हणाले. "ती असिस्टंट रजिस्ट्रार बाई फार प्रश्न विचारणारी होती. शेवटी म्हणाली, असा अर्ज मला कुणी लिहिला नव्हता. फाइलला ठेवून घेतला तिने. मिनू, किती वाजले?"

दोघेही धावत सुटले. त्या वेळी मनोहररावांस सत्तेचाळिसावे वर्ष लागले होते. तरी ते मुलीच्या मागे दहा पावलांहून अधिक पडले नाहीत. पाचास आठ मिनिटे कमी असताना पद्मिनीने अर्ज आणि पाकीट रशच्या नोंदणीच्या खिडकीत दिले. आतील मुलीने शिक्का पाहिला, पोच लिहून दिली, आणि हसून म्हणाली, "थँक्स! वी विल लेट यू नो."

पद्मिनीने वळून वडिलांकडे पाहिले. त्यांनी ते वाक्य ऐकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी सावली येऊन गेली.

"कळवतो म्हणाली," ते हळूच म्हणाले.

पुढील नऊ दिवस भेटींचे होते. पद्मिनी यलो हाऊसमध्ये तीनदा जाऊन आली. 'तू आमच्याकडे का येऊ इच्छितेस' असे विचारताच तिने मगांचे किंवा नात्याचे गोडवे गायले नाहीत. ती म्हणाली, "मी वर्षभर गाडीत बसून जेवले. तुमच्याकडे टेबल आहे. आणि मला केमिस्ट्री शिकवता येते." दरम्यान प्रात्यक्षिकाचा निकाल लागला. बी प्लस.

रविवारी दुपारी हीदर आणि आणखी दोघी हर्नडनच्या त्या घरापुढे गाडीतून उतरल्या. त्यांनी आरडाओरडा केला, पद्मिनीस मिठ्या मारल्या आणि तिच्या हाती निवड झाल्याचे एक पिवळे कार्ड ठेवले. सुनेत्राबाईंनी सर्वांना चिवडा दिला. हीदरने भिंतीवरील लॅमिनेट केलेले बसचे वेळापत्रक पाहून विचारले, की हे म्युझियम आहे का.

मुली गेल्यावर मनोहरराव ते कार्ड निरखीत बसले. त्यांचा हात नकळत यंत्राच्या दिशेने गेला, आणि मध्येच थांबला.

"हे... चालेल का?"

"सही करून परत द्यायचंय, बाबा."

"मग आधी झेरॉक्स काढतो. झेरॉक्स लॅमिनेट करू."

"करा."

ते उठले, परंतु दाराशी जाऊन वळले. "मिनू, मला तिथं दोन वर्षं कळवत होते. तुला नऊ दिवसांत कळवलं. बरं वाटलं. पण पुढच्या वर्षी निवडायला तूही बसशील ना?"

"हो."

"कुणाला घ्यायचं नसेल, तर तिला तसं सांग. तोंडावर सांग. नुसतं कळवतो म्हणून जिन्यात उभं करू नकोस."

पद्मिनीने मान डोलावली. तिने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर, ऑरगॅनिकच्या सूत्रांच्या वर, ते वाक्य तारीख घालून लिहून घेतले. मग तिने पुस्तक उघडले. मंगळवारी तिला प्राध्यापकांकडे जावयाचे होते, आणि तीन गणिते अजून सुटावयाची होती.